दुष्काळातील चारा छावण्या आणि पशुपालकांची मदत: घोषणा होण्याआधी काय तयार ठेवावे?

माणगंगाकाठचा शेतकरी (प्रश्न)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात शेती आणि दूधधंदा करतो. माझ्याकडे चार संकरित गाई, एक म्हैस, दोन कालवडी आणि एक खिलार बैलजोडी आहे. सात एकरांपैकी दीड एकरालाच विहिरीचे पाणी पुरते, तेही फेब्रुवारीपर्यंत. बाकीच्या रानात खरिपाची बाजरी आणि रब्बीची ज्वारी साधली तर कडबा होतो, नाही तर वैरण विकत घ्यावी लागते. सध्या कडब्याची गंज उभी आहे आणि गोठ्यात काही अडचण नाही. दुष्काळ नसताना दुष्काळाच्या मदतीबद्दल कशाला विचारायचे, असे काहींना वाटेल, म्हणून कारण सांगतो.

2018 साली 31 ऑक्टोबरला राज्य सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यात आमचा तालुका होता. घोषणा झाली, आता जनावरांची सोय होईल, असे आम्ही समजून बसलो. डिसेंबरच्या मध्याला आमचा कडबा संपला. छावण्या उघडण्याचा शासन निर्णय जानेवारी 2019 च्या अखेरीस निघाला आणि आमच्या गावाजवळ प्रत्यक्ष छावणी उभी राहीपर्यंत आणखी काही आठवडे गेले. मधल्या काळात मी दोन गाई बाजारात नेऊन निम्म्या किमतीला दिल्या. त्यातली एक पाच महिन्यांची गाभण होती. ती दावणीवरून सोडताना वडील घराबाहेर आले नाहीत.

2023 साली वेगळाच अनुभव आला. पहिल्या यादीत 15 जिल्ह्यांतील 40 तालुके होते आणि त्यात माण नव्हता, शेजारचे आटपाडी आणि जतही नव्हते. ज्या भागाची ओळखच दुष्काळी म्हणून आहे, त्याचे नाव यादीत नाही हे आम्हांला समजेना. पुढे नोव्हेंबरमध्ये 1021 महसुली मंडळांत (तालुक्यातील काही गावांचा गट म्हणजे मंडळ) दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली, तेव्हा आमच्या मंडळाचे नाव आले. मात्र चाऱ्याचे काय, हे तलाठ्यापासून तहसीलपर्यंत कोणी नेमके सांगू शकले नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो की, दुष्काळ जाहीर होणे आणि जनावरांना चारा मिळणे यांचा नेमका संबंध काय आहे, त्यासाठी कोणती नोंद आधीपासून असावी लागते, आणि छावणीपेक्षा दावणीला, म्हणजे घरच्या गोठ्यातच, चारा किंवा खात्यात पैसे मिळणे पशुपालकाच्या हिताचे आहे का? ज्यांनी छावणीत जनावरे ठेवली आहेत त्यांनी आपला अनुभव लिहिला तर फार उपयोग होईल.

---

निवृत्त पशुवैद्यक, सोलापूर

आपण योग्य वेळी विचारले आहे. मी पशुसंवर्धन विभागात तीस वर्षे काम केले आणि दोन दुष्काळांत छावण्यांची तपासणी केली, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे, दुष्काळ जाहीर होणे आणि छावणी उघडणे हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. पूर्वी आपल्याकडे पैसेवारीवर, म्हणजे नेहमीच्या तुलनेत पीक किती आले याच्या अंदाजावर, सगळे ठरत असे. पिकाची पैसेवारी 50 पैशांच्या खाली आली की टंचाईच्या सवलती लागू होत. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर केंद्राने दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता केली आणि तेव्हापासून पद्धत बदलली. आता आधी पावसाची तूट आणि पावसातील खंड पाहतात. त्यात तालुका बसला तर उपग्रहाच्या छायाचित्रांवरून पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा, पेरणीखालील क्षेत्र, भूजल आणि धरणांतील साठा तपासतात. शेवटी दहा टक्के गावांत जाऊन प्रत्यक्ष पाहणी करतात आणि त्यावरून दुष्काळ मध्यम की गंभीर हे ठरते. खरिपासाठी हे काम ऑक्टोबरअखेर संपवायचे असते, म्हणूनच 2018 आणि 2023 या दोन्ही वर्षी घोषणेची तारीख 31 ऑक्टोबरच होती.

या साखळीत चारा कुठे आहे हे आपण पाहावे. पाऊस, पीक, ओलावा, पाणी यांचे मोजमाप ठरलेले आहे, परंतु चाऱ्याची उपलब्धता हा विचारात घ्यायच्या इतर बाबींपैकी एक आहे. पावसाचे आकडे जेमतेम बसतात, पीक थोडेफार उभे दिसते, पण गायरानात गवत नाही आणि कडब्याचे ताट गुडघ्याएवढेच वाढले आहे, असे तालुके मी पाहिले आहेत. तिथल्या जनावरांची उपासमार कागदावर दिसत नाही. पिकाइतकेच वैरणीचेही मोजमाप घोषणेच्या निकषांत सक्तीने आले पाहिजे, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे.

2023 साली मंडळांना ज्या सवलती लागू झाल्या, त्या आपण आठवून पाहा. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीशी निगडित कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के सूट, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरजेनुसार टँकर आणि कृषिपंपांची वीजजोडणी न तोडणे. या आठ बाबींत चारा नाही. तहसीलमध्ये आपल्याला उत्तर मिळाले नाही, त्यामागचे कारण हेच असावे. चारा छावणीचा निर्णय जिल्ह्यातील चाऱ्याचा ताळेबंद पाहून वेगळा होतो. त्या ताळेबंदात पशुगणनेतील जनावरांची संख्या एका बाजूला आणि पिकांखालील क्षेत्रावरून काढलेले वैरणीचे अंदाजी उत्पादन दुसऱ्या बाजूला असते. बागायती आणि जिरायती गावे एकाच जिल्ह्यात असली की सरासरीत जिल्हा सुस्थितीत दिसतो आणि जिरायती पट्ट्यातील टंचाई झाकली जाते. आपल्या सातारा जिल्ह्यात हे नेहमी घडते, कारण कृष्णाकाठ आणि माणदेश एकाच हिशेबात मोजले जातात.

दुसरी गोष्ट पैशांची. छावणीचा खर्च राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार मंजूर होतो. 2018-19 मध्ये सुरुवातीला मोठ्या जनावराला दिवसाला 70 रुपये आणि लहान जनावराला 35 रुपये होते. चाऱ्याचे भाव चढले तसे राज्याने आपल्या तिजोरीतून भर घालून ते 90 आणि 45 केले आणि मे 2019 मध्ये 100 आणि 50 केले. 2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने 80 आणि 45 रुपयांचे निकष ठरवले. ही मदत साधारण 30 दिवसांसाठी असते, गरज असल्यास 60 आणि गंभीर दुष्काळात 90 दिवसांपर्यंत वाढवता येते. आपल्याकडचा चाराटंचाईचा काळ जानेवारी ते जून असा सहा महिन्यांचा असतो, त्यामुळे उरलेल्या काळाचा भार राज्यावर येतो आणि निर्णय लांबण्याचे हेही एक कारण असते.

आता आहाराकडे वळतो, कारण याबाबत मोठा गैरसमज आहे. 2019 मध्ये मोठ्या जनावराला दिवसाला 15 किलो हिरवा चारा किंवा 6 किलो वाळलेला चारा असे प्रमाण होते. चारशे किलो वजनाच्या गाईला रोज दहा ते बारा किलो शुष्क पदार्थ, म्हणजे चाऱ्यातील पाणी वगळून उरणारा भाग, पोटात जावा लागतो. पंधरा किलो हिरव्या चाऱ्यात तो जेमतेम तीन ते चार किलो असतो. म्हणजे छावणीतील आहार जनावर जिवंत ठेवण्यासाठी आहे, दूध देण्यासाठी नाही. आपल्या चार संकरित गाई छावणीत नेल्या तर त्यांचे दूध उतरणारच, आणि पुढच्या वेळी त्या माजावर येण्यासही उशीर होईल. हा तोटा कोणत्याही मदतीच्या हिशेबात धरला जात नाही.

नोंदीबद्दल आपण विचारले आहे. सध्या सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कानातील बारा अंकी बिल्ला. त्या क्रमांकावर जनावराची आणि मालकाची नोंद भारत पशुधन प्रणालीवर असते. 1 जून 2024 पासून आपल्या राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही, आणि नैसर्गिक आपत्ती, विजेचा धक्का किंवा वन्य प्राण्याचा हल्ला यांत जनावर दगावले तर बिल्ला नसल्यास भरपाईही मिळत नाही. दूध अनुदानाच्या वेळी अनेकांचे पैसे याच कारणाने अडकले होते. जनावर बाजारातून आणले असेल तर आधीच्या मालकाचे नाव बदलून आपले नाव लागले आहे का, हे दवाखान्यात जाऊन तपासा. बिल्ला आहे पण नाव दुसऱ्याचे आहे, अशी कितीतरी जनावरे मी पाहिली आहेत.

दुष्काळात जनावर दगावलेच, तर त्याच दिवशी तलाठी आणि पशुवैद्यकीय दवाखाना यांना कळवा. पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला झाल्याशिवाय पुरू नका. 2022 ते 2026 या काळाच्या निकषांनुसार गाय किंवा म्हशीला 37,500 रुपये, ओढकामाच्या बैलाला 32,000, वासराला 20,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये आहेत. दुधाळ मोठी जनावरे तीनपर्यंत आणि लहान तीसपर्यंत, अशी मर्यादा आहे.

आपला खरा प्रश्न मात्र मधल्या दोन-तीन महिन्यांचा आहे, आणि तो सरकारी मदतीने सुटेल असे मला वाटत नाही. तो मुरघासाने, म्हणजे हवाबंद करून मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याने, सुटू शकतो. हिशेब करून पाहा. चार गाईंना रोज प्रत्येकी 15 किलो धरले तर 90 दिवसांना 5,400 किलो, म्हणजे साडेपाच टन मुरघास लागतो. पाण्याखालील अर्ध्या एकरात मका घेतला आणि दाणा चिकात असताना कापून कुट्टी केली, तर एवढा चारा निघतो. दाबून, हवा काढून बंद केलेला मुरघास दीड महिन्यात तयार होतो आणि पिशवी फोडली नाही तर पुढच्या वर्षापर्यंत टिकतो. गंज उभी आहे तोवरच हे करून ठेवा. गंजीतल्या कडब्यालाही युरियाची प्रक्रिया करता येते. शंभर किलो कडब्याच्या कुट्टीवर चार किलो युरिया चाळीस ते पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा आणि तीन आठवडे हवाबंद ठेवावा. सहा महिन्यांखालील वासरांना ही वैरण देऊ नये.

एक सूचना राहून जाऊ नये. पावसाने ओढ दिल्यावर खुरटलेली कोवळी ज्वारी जनावरांना घालू नका. फुलोऱ्याआधीच्या, ताण पडलेल्या ज्वारीत विषारी आम्ल वाढते आणि जनावर तासाभरात आडवे होते. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अशी जनावरे माझ्याकडे यायची आणि निम्म्या वेळा आम्ही पोहोचेपर्यंत उशीर झालेला असायचा.

---

आष्टी परिसरातील शेतकरी महिला

मी बीड जिल्ह्यातील आहे. 2019 साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत आमची जनावरे छावणीत होती आणि त्यातले बहुतेक दिवस मी स्वतः तिथे राहिले, म्हणून लिहिते. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यात सगळ्यांत जास्त छावण्या होत्या. डॉक्टरसाहेबांनी नियम सांगितले, मी तिथे काय घडते ते सांगते.

आमच्याकडे सात जनावरे होती. सुरुवातीला एका कुटुंबाची पाचच जनावरे घेण्याची अट होती, त्यामुळे दोन कालवडी मी माहेरी पाठवल्या. नंतर ती अट सैल झाली, पण तोवर एक कालवड तिथे आजारी पडली होती. प्रवेशाच्या वेळी जनावरांच्या कानात बारकोडचे बिल्ले मारले आणि रोज मोबाईलवर त्यांची हजेरी घेतली जाई. ज्या दिवशी बिल्ला वाचला जाणार नाही, त्या दिवसाचे अनुदान छावणीचालकाला मिळत नसे, म्हणून जनावर एक दिवसही घरी नेता येत नव्हते. याआधीच्या दुष्काळांत छावण्यांत खोटी संख्या दाखवल्याच्या तक्रारी झाल्या होत्या आणि त्यामुळे ही पद्धत आली, ते योग्यच झाले. पण जनावरांबरोबर माणूसही तिथे बांधला जातो, याचा विचार त्यात नव्हता. माझा मुलगा तेव्हा दहावीला होता. दिवसा मी आणि रात्री त्याचे वडील अशी आमची पाळी असायची आणि परीक्षेच्या आठवड्यात तो दोन किलोमीटर चालून जेवणाचा डबा घेऊन येत असे.

चारा म्हणजे बहुतेक दिवस ऊस आणि उसाचे वाढे (शेंड्याकडचा पाला). मक्याचा हिरवा चारा सबंध पाच महिन्यांत फार थोड्या वेळा आला. नुसत्या वाढ्यांनी जनावरांच्या अंगातला चुना (कॅल्शियम) कमी होतो हे मला तिथे येणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले. म्हणून आम्ही घरून चुन्याची निवळी करून आणायचो आणि वाढ्यांवर शिंपडायचो. ज्यांनी हे केले नाही त्यांच्या दोन गाई विल्यावर उठल्या नाहीत.

आमच्या छावणीत पहिल्या महिन्यात चारा वजनाने कमी मिळत होता. गाडीवरून मोळ्या टाकल्या जात आणि मोळी म्हणजे पंधरा किलो असे धरले जाई. आम्ही आठ-दहा बायकांनी पैसे घालून ताणकाटा आणला आणि तीन आठवडे रोज प्रत्येकीच्या मोळीचे वजन वहीत लिहिले. कधी अकरा किलो, कधी बारा. ती वही घेऊन आम्ही तहसील कार्यालयात गेलो. तोंडी तक्रार आधीही झाली होती, पण वही पाहिल्यावर तपासणीला माणसे आली आणि त्यानंतर चारा आमच्यासमोर मोजून मिळू लागला.

दावणीला चारा की छावणी, या प्रश्नावर माझे मत असे आहे की, आधी पाण्याचे विचारा. आमच्या वस्तीवर टँकर आठ दिवसांनी यायचा आणि त्यातून माणसांनाच पुरत नव्हते. एका मोठ्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी लागते. नुसता चारा घरी आला असता तर सात जनावरांचे पाणी मी कुठून आणले असते? 2018 च्या अखेरीस छावण्यांऐवजी खात्यात पैसे द्यावेत अशी चर्चा झाली होती. पैसे आले असते तरी विकत घ्यायला चारा जवळ नव्हता आणि जो होता त्याचा भाव पैसे जमा होताच वाढला असता. म्हणून ज्यांच्या विहिरीत पाणी आहे त्यांना दावणीवर चारा द्यावा आणि ज्यांच्याकडे पाणी नाही त्यांच्यासाठी छावणी असावी. दोन्ही एकाच वेळी का चालवता येऊ नयेत, हे मला आजही समजत नाही.

आणखी एक गोष्ट बहिणींसाठी लिहिते. जनावरांचे सगळे काम आपण करतो, पण बिल्ल्याची नोंद बहुतेक घरांत सासऱ्यांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असते. आमच्या शेजारणीचे यजमान छावणी चालू असताना वारले, तेव्हा नाव बदलण्यासाठी तिला महिनाभर फिरावे लागले. नोंद करतानाच आपले नाव आणि आपले बँक खाते लावून घ्या. त्यासाठी सातबारा लागत नाही.

---

मेंढपाळ कुटुंबातील शिक्षक, खानापूर तालुका

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, पण त्यांत शेळ्या-मेंढ्यांचा प्रश्न फारसा आला नाही, म्हणून थोडे लिहितो. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून मेंढरे आहेत आणि माझे दोन्ही भाऊ आजही कळप घेऊन दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात.

सरकारी मदतीची सगळी रचना जनावर एका दावणीला बांधलेले आहे असे धरून केलेली आहे. पंचनामा गावात होतो, पशुगणना गावात होते, छावणी गावाजवळ असते आणि आमचा कळप त्या वेळी दीड-दोनशे किलोमीटर लांब असतो. 2019 च्या उन्हाळ्यात शेळ्या-मेंढ्यांसाठी छावण्यांना परवानगी मिळाली, पण ती फार उशिरा, आणि तोवर आमच्या वाड्यातील बहुतेकांनी कळप निम्मे केले होते. घाटात पावसाने किंवा रोगाने मेंढ्या मेल्या तर नोंद कोणत्या तलाठ्याने करायची, यावर दोन तालुक्यांत आमची टोलवाटोलवी होते. तीस जनावरांच्या मर्यादेचाही फेरविचार झाला पाहिजे. शंभराच्या कळपातील साठ मेंढ्या गेल्या तर उरलेल्या तीस कशाच्या आधारावर सोडायच्या?

राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत भटक्या जमाती क प्रवर्गातील मेंढपाळांना जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी 24,000 रुपये चराई अनुदानाची तरतूद आहे आणि पात्र असणाऱ्यांनी अर्ज जरूर करावा. मात्र ती तरतूद पावसाळ्यात पिके उभी असताना चरायला रान नसते म्हणून आहे. उन्हाळ्यातील दुष्काळासाठी तशी व्यवस्था नाही. दुष्काळ जाहीर झाल्यावर वनक्षेत्रातील ठरावीक भाग चराईसाठी खुला करणे आणि वाटेवर पाण्याची सोय करणे, एवढे झाले तरी मेंढपाळाला छावणीची गरज पडणार नाही, असे मी अनुभवाने सांगतो.

---

सहकारी बँकेतील कर्ज अधिकारी, पुणे जिल्हा

प्रश्नकर्त्यांनी निम्म्या किमतीला गाई विकल्याचे वाचले, त्यावरून एक सांगावेसे वाटते. पीककर्जाचे किसान क्रेडिट कार्ड सर्वांना माहीत असते, परंतु 2018-19 पासून तीच सुविधा पशुपालनाच्या खेळत्या भांडवलासाठीही मिळते, हे पुष्कळांना माहीत नसते. चारा, पेंड, औषधे यांसाठी दोन लाख रुपयांपर्यंतच्या कर्जावर व्याज सात टक्के आहे आणि वेळेत परतफेड केली तर तीन टक्के सवलत मिळून ते चार टक्क्यांवर येते. हे कार्ड चांगल्या वर्षात काढून ठेवावे, कारण टंचाई सुरू झाल्यावर शाखेत अर्जांची रीघ लागते आणि मंजुरीला वेळ जातो. हंगामाच्या सुरुवातीला कडबा स्वस्त असताना या पैशातून घेतला, तर डिसेंबरमध्ये गाय विकण्याची वेळ येत नाही.

दुष्काळ जाहीर झाल्यावर कर्जाचे पुनर्गठन होते, पण त्यासाठी खाते त्या तारखेला थकीत नसावे. राष्ट्रीय पशुधन अभियानातील विमाही पाहावा. फेब्रुवारी 2024 पासून त्यात पशुपालकाचा वाटा हप्त्याच्या पंधरा टक्के एवढाच आहे आणि दहा मोठ्या जनावरांपर्यंत विमा काढता येतो. जनावर दगावल्यास विमा मिळतो, दूध घटल्याबद्दल मिळत नाही.

---

माणगंगाकाठचा शेतकरी

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, आपण सांगितल्याप्रमाणे काल दवाखान्यात जाऊन बिल्ल्यांची नोंद तपासली. म्हैस म्हसवडच्या बाजारातून घेतलेली आहे आणि तिच्या क्रमांकावर अजून आधीच्या मालकाचे नाव आहे. दुसऱ्या बैलाच्या कानातला बिल्ला काटेरी कुंपणात अडकून तुटला आहे आणि तो क्रमांक आमच्याकडे लिहून ठेवलेला नाही. अशा वेळी काय करावे? विहिरीखालील अर्ध्या एकरात मका घ्यायचे ठरवले आहे. ताई, तुमची वहीची गोष्ट मी आमच्या दूध संस्थेच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. छावणी उघडलीच तर ताणकाटा संस्थेचाच असेल.

---

निवृत्त पशुवैद्यक, सोलापूर

म्हशीसाठी आधीच्या मालकाचा मोबाईल क्रमांक शोधा आणि शक्य असल्यास त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात जा, म्हणजे हस्तांतरणाची नोंद लवकर होईल. बाजाराची पावती असेल तर तीही न्या. बैलाचा जुना क्रमांक आपल्या नावावरील नोंदींत सापडेल. तिथे दोन बैल दिसतील आणि त्यांपैकी एकाचा बिल्ला कानात आहे, म्हणजे उरलेला क्रमांक तुटलेल्या बिल्ल्याचा. त्याच नोंदीवर नवा बिल्ला लावून घ्या, नवीन जनावर म्हणून पुन्हा नोंद करू देऊ नका, नाही तर आपल्या नावावर प्रत्यक्षात नसलेला एक बैल राहील आणि पंचनाम्याच्या वेळी त्याचा खुलासा करावा लागेल. विमा काढला असेल तर बिल्ला बदलल्याचे विमा कंपनीला लेखी कळवा. जखम झालेला कान पंधरा दिवस बरा होऊ द्या आणि नवा बिल्ला दुसऱ्या कानात मारायला सांगा. मक्याचे बियाणे घेताना दाण्यासाठीचा वाण न घेता उंच वाढणारा चाऱ्याचा वाण घ्या, आफ्रिकन टॉल आपल्याकडे चांगला येतो.